उसाला 14 दिवस, मग रस्त्याला किती?

यंदाच्या 31 मार्चला रात्री पावणेअकराला अण्णांचा फोन आला. "ताई, बीडीएसवर निधी पडला. माझ्या बिलाला आठ टक्के आलेत. घेऊ का?"

मी म्हटलं, "घ्या अण्णा. आणि त्याचा कागद जपून ठेवा."

अण्णा सरकारी कामं करणारे लहान ठेकेदार आहेत. बीडीएस म्हणजे सरकारी कार्यालयांना निधी वाटणारी संगणक प्रणाली. मी तालुक्याच्या गावात करसल्लागार आहे. त्यांच्यासारख्या पंचवीस-तीस जणांचे जीएसटी, आयकर आणि बँकेचे कागद माझ्याकडे असतात. अण्णांनी एका शाळेच्या दोन खोल्यांचं छत बदललं आणि कुंपणाची भिंत बांधली. काम मुदतीत झालं, शाखा अभियंत्यांनी मोजमाप पुस्तिकेत नोंद केली, उपअभियंत्यांनी तपासलं, 18 लाखांचं बिल मंजूर झालं. त्या छताखाली पोरांनी दोन पावसाळे काढले. बिल मंजूर होऊन 26 महिने झाले आणि त्या रात्री हातात पडले 1 लाख 44 हजार.

31 मार्चची ती रात्र मी एकदा जवळून पाहिली आहे. एका अशिलाचा जीएसटीचा दाखला ऐनवेळी हवा होता, तो द्यायला गेले होते. कार्यालयाच्या व्हरांड्यात चाळीसेक माणसं बसलेली. कुणी पायरीवर, कुणी बंद पडलेल्या जीपच्या बॉनेटवर. आत संगणकावर निधी कधी 'पडतो' त्याची वाट. एक पन्नाशीतला माणूस डब्यातली पोळी उभ्यानेच खात होता आणि फोनवर कुणाला तरी सांगत होता, "सिमेंटवाल्याला म्हणावं सकाळपर्यंत थांब." साडेअकराला क्लार्क यादी घेऊन बाहेर आला. कुणाला दहा टक्के, कुणाला सहा, कुणाला काहीच नाही. का नाही, हे विचारायची सोय नव्हती. यादी वाचून झाल्यावर कुणी आवाज चढवला नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. माणसं मुकाट्याने गाड्यांना किक मारून निघून गेली.

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळाचा हेवा वाटावा अशी आजची गत आहे. माझ्याकडच्या फायलींमध्ये वर्षाच्या आत पूर्ण पैसे मिळालेलं बिल शोधावं लागतं.

याला आपण 'दिरंगाई' म्हणतो. मला हा शब्द पुरत नाही. दिरंगाई म्हटलं की टेबलावर धूळ खात पडलेली फाईल आणि सुस्त कारकून डोळ्यासमोर येतो. प्रत्यक्षात घडतं ते वेगळं. अण्णांनी कॅश क्रेडिटवर आणि गावच्या पतसंस्थेतून पैसे उचलून काम केलं. व्याज साधारण 12 टक्के. 18 लाखांवर महिन्याला 18 हजार. अंदाजपत्रकात ठेकेदाराचा नफा धरतात साधारण दहा टक्के, म्हणजे या कामात फार तर 1 लाख 80 हजार. दहा महिन्यांत नफा व्याजात गेला. पुढचे सोळा महिने अण्णा शाळेचं छत स्वतःच्या खिशातून सांभाळत आहेत. सरकारने त्यांच्याकडून कर्ज घेतलं आहे, बिनव्याजी, बिनमुदतीचं आणि त्यांना न विचारता. रोख्यांवर कर्ज काढलं तर सरकारला व्याज द्यावं लागतं, ते अर्थसंकल्पात दाखवावं लागतं, त्यावर विधिमंडळात चर्चा होते. अण्णांकडून काढलेलं कर्ज कुठेच दिसत नाही, कारण सरकारी हिशेब रोखीच्या पद्धतीने चालतो. पैसे गेले तेव्हाच खर्च. गेले नाहीत तोवर देणंच नाही. मी कुणा दुकानदाराचा ताळेबंद असा केला तर बँकेचा अधिकारी मला दारात उभं करणार नाही.

म्हणूनच एकूण थकबाकी किती, यावर वाद होतो. ठेकेदारांच्या संघटनांनी 2025 मध्ये राज्यातल्या थकलेल्या बिलांचा आकडा 89 हजार कोटी रुपये सांगितला. तो खरा की फुगवलेला, हे ठरवायला लोकांसमोर काही साधनच नाही. कुठल्या विभागात किती मंजूर बिलं किती दिवस पडून आहेत, याची एकत्रित यादी सरकारने संकेतस्थळावर टाकली तर हा वाद एका दिवसात मिटेल.

पैसे का थकतात? मुळाशी गेलं की कारण साधं आहे. हातात असलेल्या पैशांपेक्षा कितीतरी जास्त कामांचे कार्यारंभ आदेश निघतात. अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत कामाचं नाव यावं म्हणून किरकोळ तरतूद टाकायची, प्रशासकीय मान्यता घ्यायची, नारळ फोडायचा. कामाची किंमत कोटींत आणि त्या वर्षाची तरतूद काही लाखांत. निविदेत मात्र एक ओळ असते, 'देयक निधीच्या उपलब्धतेनुसार अदा करण्यात येईल', आणि बऱ्याचदा तिच्या शेजारी दुसरी, 'विलंबाबद्दल व्याज देय राहणार नाही'. या दोन ओळींमध्ये सगळं आलं. काम मुदतीत झालं नाही तर ठेकेदाराला रोजचा दंड, आणि पैसे कधी द्यायचे याला तारीखच नाही.

पाणीपुरवठ्याच्या कामांत हे सगळ्यात ठळक दिसलं. जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं, 2024 पर्यंत घरोघर नळ द्यायचे होते. महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा. गावोगाव टाक्या उभ्या राहिल्या, पाइप गाडले गेले, मग निधी आटला. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात योजनेला 2028 पर्यंत मुदतवाढ जाहीर झाली. मुदतवाढ योजनेला मिळाली. ज्यांनी पाइप उधारीवर आणले होते त्यांच्या हप्त्यांना कुणी मुदतवाढ दिली नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदाराने जीव दिला. या योजनेच्या कामाचे पैसे अडकल्याचं सांगितलं गेलं. सरकारकडून खुलासा आला की त्याच्या नावावर थेट कंत्राट नव्हतं, तो उपकंत्राटदार होता. कागदावर ते खरंही असेल. पण म्हणूनच ते जास्त भयंकर आहे. मोठ्या ठेकेदाराचं बिल थकलं की तो खालच्याचं थांबवतो, खालचा जेसीबीवाल्याचं, जेसीबीवाला डिझेलचं. सगळ्यात खालच्या माणसाजवळ करार नसतो, वर्क ऑर्डर नसते, दावा लावायला कागदही नसतो.

इथे एक गोष्ट मध्येच बोलून टाकते. थकलेल्या बिलांचा विषय निघाला की हल्ली कुणीतरी लगेच 'लाडकी बहीण'वर घसरतं. बायकांना 1,500 रुपये दिले म्हणून रस्त्यांचे पैसे संपले, असं. मला ही भाषा मान्य नाही. कुठली योजना चालवायची, हे ठरवायचा अधिकार निवडून आलेल्या सरकारला आहे. बिल थकवण्याची सवय त्या योजनेच्या कितीतरी आधीची आहे. माझ्या कपाटात 2015 सालच्या फायली आहेत, त्यांतही हेच रडगाणं आहे. नव्या योजनेवर खर्च करायचा की नाही, हा निवडीचा प्रश्न आहे. झालेल्या कामाचे पैसे द्यायचे की नाही, यात निवडीला जागाच नाही, ते देणं आहे. या दोन गोष्टी एका तराजूत टाकल्या की देणंही 'जमलं तर देऊ' होऊन बसतं.

आणि वेळेत पैसे कसे द्यायला लावायचे, हे या राज्याला शिकवायची गरज नाही. उसाचं उदाहरण घ्या. ऊस नियंत्रण आदेश 1966 चा. शेतकऱ्याने ऊस घातला की 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची. नाही दिली तर 15 टक्के व्याज. तरीही थकवली तर पुण्याच्या साखर संकुलातून साखर आयुक्त आरआरसी काढतात, म्हणजे महसुली थकबाकीसारखी वसुली. जिल्हाधिकारी कारखान्याच्या गोदामातली साखर जप्त करू शकतात. राज्य सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली होती. शेतकरी संघटना कोर्टात गेल्या आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. आमच्या भागात कारखाने सगळे 14 दिवसांत पैसे देतात असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच पटायचं नाही. पण चौदावा दिवस कुठला, हे प्रत्येक ऊस उत्पादकाला माहीत असतं. पंधराव्या दिवशी मोर्चा काढायचा तर कशाच्या जोरावर काढायचा, हे त्याला माहीत असतं. आणि साखर आयुक्तांची नोटीस आली की कारखान्याच्या अध्यक्षांची झोप उडते.

आता त्याच शेतकऱ्याच्या शेतावर जाणारा पाणंद रस्ता करणारा ठेकेदार घ्या. त्याला चौदावा दिवस नाही, पंधरा टक्के नाहीत, जप्तीचा कागद नाही. कारखान्याला जे बंधन घातलं ते सरकार स्वतःला का घालत नाही, या प्रश्नाला मला आजवर कुणीही सरळ उत्तर दिलेलं नाही.

करांच्या बाबतीत तर हा दुजाभाव माझ्या रोजच्या कामात दिसतो. माझ्याकडे शाळांना बाकं बनवून देणारा एक फॅब्रिकेटर आहे. माल पोचवून बिल दिलं की त्याचा जीएसटी पुढच्या महिन्यात भरावाच लागतो, पैसे आले असोत वा नसोत. चुकला तर वर्षाला 18 टक्के व्याज. म्हणजे सरकारकडून येणं असलेल्या पैशांवरचा कर तो सरकारलाच कर्ज काढून भरतो, आणि उशीर झाला तर व्याजही तोच देतो. सरकारला उशीर झाला तर शून्य. परवा तो माझ्यासमोर बसून म्हणाला, "ताई, एकच सरकार आहे ना हे?" मी रिटर्न भरत होते, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कायदा अगदीच नाही असंही नाही. 2006 चा सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा या फॅब्रिकेटरसारख्यांसाठीच आहे, आणि तो चांगला कायदा आहे. करारात काहीही लिहिलेलं असो, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे. मुदत ठरलेलीच नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. 2023 पासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत बँक दर 6.75 टक्के होता, म्हणजे व्याज 20.25 टक्के. 'व्याज देय नाही' ही निविदेतली ओळ या कायद्यापुढे टिकत नाही. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करायचा, तो सुकरता परिषदेकडे, म्हणजे अशा थकलेल्या पैशांचे तंटे सोडवणाऱ्या मंडळाकडे जातो. आधी समेटाचा प्रयत्न, नाही जमला तर लवाद. निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर खरेदीदाराने आधी 75 टक्के रक्कम भरायची. खरेदीदार म्हणजे सरकारी कार्यालयही.

मग लोक तिथे का जात नाहीत? पहिलं कारण, माहीत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून केंद्राकडची नोंदणी, करून घेतात ती बँकेच्या कर्जासाठी, या कलमांसाठी नोंदणी असते हे त्यांना कुणी सांगत नाही. आणि नोंदणी वेळेत हवी. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाकाली फूड्सच्या प्रकरणात सांगितलं की करार होऊन माल देऊन झाल्यावर नोंदणी केली तर मागच्या व्यवहाराला हे संरक्षण मिळत नाही. या मुद्द्यावर जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच वेगळं मत नोंदवून तो मोठ्या खंडपीठाकडे पाठवला आहे, पण त्या भरवशावर कुणी राहू नये. नोंदणी आज करा. दुसरं, ही कलमं सूक्ष्म आणि लघू उद्योगांनाच लागू आहेत, मध्यमांना नाहीत. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. अण्णांना सिमेंट देणारा दुकानदार इथेही बाहेरच.

आणि अण्णांचं काय? त्यांनी सिमेंट, सळई, मजुरी सगळं मिळून एक छत उभं केलं. कायद्याच्या भाषेत हे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट. अशा एकत्रित कंत्राटाला 2006 च्या कायद्याखालची ही सोय लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. त्याच शाळेत बाकं देणाऱ्याला तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं आणि बाकांवरचं छत घालणाऱ्याला एक पैसा नाही. कायद्यातल्या शब्दांचा अर्थ लावणं कोर्टाचं काम, त्यांनी ते केलं. कायद्यात दुरुस्ती करून लहान बांधकाम कंत्राटदाराला आत घेणं संसदेचं काम आहे. 2006 पासून ते झालेलं नाही, आणि मला वाटतं या सगळ्या प्रश्नातली सगळ्यात सहज बुजवता येणारी फट हीच आहे.

मधल्या काळात केंद्राने केलेल्या सुधारणाही सरकारी कार्यालयांना शिवत नाहीत. तेव्हाच्या आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम 2023 मध्ये आलं. लहान उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. खासगी कंपन्यांनी त्या धाकाने पैसे सोडले, हे मी माझ्या अशिलांच्या खात्यांत पाहिलं. पण सरकारी खातं आयकर भरतच नाही, मग त्याला कसला धाक? ट्रेड्स या बिलवटवणीच्या व्यवस्थेत मोठ्या कंपन्यांना आणि केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांना नोंदणी सक्तीची आहे, राज्याच्या बांधकाम विभागाला नाही. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये सूचना काढल्या की चालू बिलाच्या 75 टक्के रक्कम बिल दिल्यापासून दहा कामकाजी दिवसांत द्यावी, उरलेली तपासणी करून 28 कामकाजी दिवसांत. छान आहे. पण त्या केंद्राच्या कामांपुरत्या.

अण्णांसारख्याला मग उरते कोर्टाची पायरी. दिवाणी दावा लावायचा तर आधी सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस देऊन दोन महिने थांबायचं. लवाद करारात असेल तरच. आणि करारात 'व्याज नाही' लिहिलेलं असेल तर लवादालाही निवाड्याआधीच्या काळाचं व्याज देता येत नाही. राज्याच्या बी-1 नमुन्यातल्या करारात अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम असतो. ज्या खात्याने पैसे थकवले त्याच खात्याचा अधिकारी न्याय करणार. निकाल लागला तरी सरकारविरुद्ध वसुली सुरू करायला आणखी तीन महिने.

यातला सगळ्यात क्रूर भाग मुदतीचा आहे. काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावला नाही तर अण्णांचा हक्क कोर्टात संपला. हेच जर सरकारला अण्णांकडून काही वसूल करायचं असेल तर मुदत कायद्याने सरकारला दिली आहेत 30 वर्षं. ठेकेदार मात्र तीन वर्षं साहेबांच्या 'बघू, पुढच्या बजेटला करू' यावर काढतो आणि चौथ्या वर्षी वकिलाकडे येतो. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच वीज मंडळाच्या एका प्रकरणात सांगितलं की मुदत उलटलेलं येणं 2006 च्या कायद्याखाली समेटासाठी नेता येईल, लवादासाठी नाही. समेट म्हणजे समोरचा तयार झाला तर. तेव्हा तीन वर्षांचं गणित विसरून चालणार नाही.

तरी कोर्टाने दारं पूर्ण बंद केलेली नाहीत. बिल मंजूर आहे, रक्कम मान्य आहे, फक्त दिली नाही, अशा वेळी संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली थेट उच्च न्यायालयात रिट करता येते. सूर्या कन्स्ट्रक्शन्सच्या प्रकरणात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. त्याच वर्षी पॅम डेव्हलपमेंट्सच्या निकालात म्हटलं की लवादाच्या निवाड्याला स्थगिती मागताना सरकारला वेगळी वागणूक मिळणार नाही, सर्वांसारखीच अट लागेल. आणि तोंडी सांगून काम करून घेतलं, पण रीतसर करारच केला नाही, असं झालं असेल तर करार कायद्याचं कलम 70 आहे. त्याचा मोठा निकाल बंगालमधला. 1944 मध्ये आरामबागला नागरी पुरवठा विभागासाठी एका ठेकेदाराने कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, कचेरी आणि शेजारच्या खानाकुलला गोदामं बांधली. अधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून बांधली, रीतसर करार झालाच नव्हता. बिल 19 हजारांच्या घरात. सरकारने ते नाकारलं. डिसेंबर 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की काम फुकट केलेलं नव्हतं, सरकारने ते वापरलं, तेव्हा मोबदला द्यावाच लागेल. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल तत्त्वासाठी वाचतात. मी वाचला तेव्हा माझं लक्ष वर्षांकडे गेलं. सतरा.

हे सगळे मार्ग असूनही माझ्या पंचवीस-तीस अशिलांपैकी कोर्टात गेलेत दोन. बाकीच्यांना विचारलं की एकच उत्तर, पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं? पुढची निविदा त्याच कार्यालयातून निघणार, पुढचं मोजमाप तेच साहेब घेणार. म्हणून मला वाटतं, कायद्याचे उपाय कितीही वाढवले तरी जोवर ठेकेदाराने मागायचं आणि मग कार्यालयाने द्यायचं अशी रचना आहे, तोवर काही हलणार नाही. व्याज मागावं लागता कामा नये. ते आपोआप सुरू व्हायला हवं. अमेरिकेत 1982 पासून असा कायदा आहे. संघराज्य सरकारच्या कार्यालयाने साधारण 30 दिवसांत बिल दिलं नाही तर व्याज आपोआप जमा होतं, पुरवठादाराने अर्ज करायची गरज नाही. आणि ते व्याज त्याच कार्यालयाच्या त्याच योजनेच्या पैशातून जातं. इथली मेख मला फार महत्त्वाची वाटते. उशिराची झळ ज्याने उशीर केला त्याच्याच तरतुदीला बसली, की वरिष्ठ स्वतःहून विचारतील, हे बिल का थांबलं?

आमच्याकडे तर संगणक प्रणाली आहे, बिलाची तारीख तिच्यात नोंदली जाते. मंजुरीच्या तारखेपासून पंचेचाळीसाव्या दिवशी व्याजाचा आकडा त्या बिलाशेजारी दिसायला लागणं तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही. तसंच, त्या वर्षी लागणाऱ्या रकमेची तरतूद बीडीएसवर दिसल्याशिवाय कार्यारंभ आदेश निघूच नये. आमदारांना हे आवडणार नाही, कारण नारळ कमी फुटतील. पण अर्धवट टाक्यांपेक्षा कमी नारळ परवडले. बिलं आवक क्रमाने द्यावीत आणि तो क्रम लोकांना दिसावा. टक्केवारीचा बाजार उशिराच्या जमिनीवर उगवतो. सगळ्यांचं थकलेलं असताना कुणाचं आधी काढायचं हे एका माणसाच्या हातात असलं, की त्या हातावर काय ठेवलं जातं हे मला अशिलांच्या खात्यांतल्या 'इतर खर्चा'वरून कळतं.

फाईल अडवल्याबद्दलचा कायदाही आपल्याकडे आहे. बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा 2005 चा अधिनियम सांगतो की सर्वसाधारणपणे कुणाही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, आणि हेतुपुरस्सर विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई व्हावी. माहिती अधिकारात आपल्या बिलाचा प्रवास मागवा, कुठल्या टेबलावर किती दिवस, हे कागदावर येऊ द्या. त्याने निधी येत नाही, पण 'निधी नाही' आणि 'फाईल नाही' यांतलं खरं काय ते कळतं.

याला एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आणणारे लोक प्रामाणिक असतात. ठेकेदार कुठे साधू आहेत? रस्ता पहिल्या पावसात वाहून जातो, खोटी बिलं निघतात, मग पैसे रोखले तर काय बिघडलं? मीही त्याच रस्त्यांवरून गाडी चालवते, चीड मलाही येते. पण निकृष्ट काम अडवायची जागा मोजमाप आहे, दर्जा तपासणी आहे, हमी कालावधी आहे, त्यासाठी अनामत ठेवलेली असते. काम चांगलं आहे अशी सही करून मग पैसे दोन वर्षं अडवल्याने कुठलाच खड्डा बुजत नाही. उलट होतं. ज्याच्यामागे मोठं भांडवल आणि ओळखी आहेत तो दोन वर्षं तग धरतो. ज्याने गावातल्या पतसंस्थेतून पैसे उचलून नीट काम केलं तो निविदा भरणं सोडतो. माझ्याकडच्या चौघांनी गेल्या तीन वर्षांत सोडलं. एकाने आता दुधाचा व्यवसाय धरला, म्हणतो निदान दहा दिवसांनी पगार मिळतो. मागे उरणारे कोण, ते आपण रस्त्यावर पाहतोच. वाचलेला ठेकेदार पुढच्या निविदेत उशिराची किंमत धरतो किंवा माल मारतो, दोन्हीकडून पैसे आपलेच जातात.

1 एप्रिलला सकाळी मी ऑफिस उघडायच्या आधी अण्णा माझ्या दारात उभे होते. हातात 1 लाख 44 हजार जमा झाल्याचा कागद, कार्यालयाच्या सहीशिक्क्यासह. "ताई, रात्री तुम्ही हा जपा म्हणालात. हा चुलीत घालायच्या लायकीचा आहे." मी त्यांना बसवलं आणि समजावलं. देणेकऱ्याने मुदतीच्या आत अंशतः रक्कम दिली आणि त्याची लेखी, सही असलेली नोंद असली, की मुदत कायद्याच्या कलम 19 प्रमाणे तीन वर्षं त्या तारखेपासून पुन्हा मोजायला लागतात. त्यांच्या जुन्या मुदतीतले काहीच महिने उरले होते. आता पूर्ण तीन वर्षं हातात होती. त्यांनी कागद परत घेतला, दोनदा घडी घातली, मग घडी उलगडून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "तुमच्याच कपाटात राहू द्या. आणि ती नोटीस काय म्हणालात, दोन महिन्यांची, ती किती पानांची असते?"

आम्ही ती त्याच दिवशी लिहायला घेतली.